वरण घट्ट हवं आणि दही विकतचं

न्यू जर्सीत माझं घरगुती डेकेअर आहे. पाच मुलं, सगळ्यात धाकटी सव्वा वर्षाची, मोठा चार पूर्ण झालेला, आणि सगळी मला काकू म्हणतात, मराठी नसलेली दोघंसुद्धा. मुलांच्या जेवणाचे काही पैसे सीएसीएफपी नावाच्या योजनेतून परत मिळतात, अमेरिकेच्या कृषी खात्याची आहे ती, फक्त ताटात काय आणि किती हे त्यांच्या नियमात बसलं पाहिजे. मग मैत्रिणी विचारतात, म्हणजे रोज सँडविच का? नाही गं, वरणभात देते. पण तो नियमात बसवायला मला बरेच दिवस लागले.

दुपारी पाच गोष्टी लागतात, दूध, प्रोटीन, भाजी, फळ आणि धान्य. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला प्रोटीन दीड औंस. पाव कप शिजलेली डाळ म्हणजे एक औंस, तेव्हा दीड औंसाला सहा टेबलस्पून डाळ झाली, आणि मोजायची ती डाळ, पाणी नाही! आपलं रोजचं वरण पळीवाढं असतं, वाटीभर वाढलं तरी पोटात डाळ किती जाते हे मी आधी कधी मोजलंच नव्हतं, आणि खरं सांगते, मोजल्यावर मला वाईट वाटलं कारण माझ्या स्वतःच्या मुलांनाही मी वर्षानुवर्षं तसंच वाढलं. आता डेकेअरला गोळा वरणच करते, वर तूप, लिंबू. धाकटीला चार टेबलस्पून पुरतात आणि घट्ट असल्यामुळे ती हाताने उचलून खाते, सांडत नाही. एक मात्र लक्षात ठेवा, एकाच जेवणात तीच डाळ प्रोटीन आणि भाजी दोन्हीत धरता येत नाही, भाजी वेगळी लागतेच.

तांदळाचं वेगळंच. पांढरा तांदूळ एनरिच्ड, म्हणजे जीवनसत्त्वं आणि लोह वरून घातलेला असावा लागतो, आणि इंडियन स्टोअरमधल्या बासमतीच्या पिशवीवर बहुतेक वेळा तसं लिहिलेलं नसतं. म्हणून मी ब्राऊन बासमती आणते, जास्त पाणी घालून मऊ शिजवते. दिवसातून एकदा तरी अख्ख्या धान्याचं काहीतरी लागतं, ते त्यातच होतं, नाहीतर गव्हाचा फुलका. तांदळाची खीर धान्यात धरत नाहीत, २०१७ पासून गोड पदार्थ त्यातून काढलेत. तळणही घरी करायचं नाही, त्यामुळे पुऱ्या बंद.

दह्याचं मात्र मनाला लागलं. मी रोज विरजण लावते, मधल्या वेळच्या खाण्याला पाव कप दही आणि केळं द्यायचे. योजनेकडून तपासणीसाठी वर्षात किमान तीन भेटी होतात, त्यातल्या दोन न कळवता, अशाच एका भेटीत तपासायला आलेल्या बाईंनी विचारलं दही कुठलं, मी कौतुकाने सांगितलं घरचं, आणि ते सगळं खाणं हिशेबातून गेलं. घरी लावलेलं दही चालतच नाही, सुरक्षिततेसाठी. कारण पटलं मला, पाच परक्या घरांची लेकरं आहेत, पण तो दिवस वाईट गेला. आता साधं विकतचं आणते, डब्यावरची साखर वाचून.

दूधही साधंच, पाच वर्षांपर्यंत फ्लेवरचं चालत नाही. एका आजींनी केशरी दुधाचा मसाला पाठवला होता, त्यांना फोन करून नीट समजावलं, त्या म्हणाल्या मग संध्याकाळी घरी देऊ. द्राक्षं मी उभी चिरूनच देते, त्यात घाई नाही करायची कितीही रडली तरी. शेंगदाण्याचा कूट माझ्या डेकेअरच्या स्वयंपाकात नाहीच, एकाला अॅलर्जी आहे.

उद्याचे मूग भिजत घातलेत. उसळ, फुलका, दुधी, संत्र्याच्या सोललेल्या फोडी, मोठ्यांना पाऊण कप दूध आणि धाकटीला अर्धा. दुधी दोघं खात नाहीत अजून, तरी मी प्रत्येक वेळी पाव कप ताटात वाढते, गेल्या आठवड्यात एकाने एक फोड चाटून परत ठेवली.