फॉर्मवरचा सातवा प्रश्न

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सांगलीतल्या आमच्या उन्हाळी क्रिकेट शिबिराच्या फॉर्मवर नाव, वय, रक्तगट, डावरा की उजवा असं सगळं झालं की सातवा प्रश्न येतो: घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं आहे का? मुलाला खेळताना कधी चक्कर, छातीत धडधड? इथपर्यंत आलं की पालकांचं पेन थांबतं. "सर, पोरगं बारा वर्षांचं आहे. बॅट कशी धरायची ते शिकवायचं सोडून हे अभद्र कशाला विचारता?" दर वर्षी कुणीतरी हे विचारतंच. ताटकळलेल्या रांगेसमोर नीट उत्तर देता येत नाही, म्हणून आज सविस्तर.

जेम्स टेलर नावाचा एक इंग्लिश फलंदाज होता. हयात आहे, पण फलंदाज 'होता' असंच म्हणावं लागतं. जन्म १९९०चा, उंचीने अगदी ठेंगणा, वडील घोड्यांच्या शर्यतीतले जॉकी. लेस्टरशायर या कौंटी संघाकडून (कौंटी म्हणजे इंग्लंडमधले जिल्हे) खेळताना एकोणिसाव्या वर्षी त्याने हंगामात हजारावर धावा केल्या आणि नाबाद २०७ची खेळीही केली. उंच गोलंदाज आखूड टप्प्याचा मारा करायचे आणि हा पोरगा त्या चेंडूंखाली पाय रोवून उभा राहायचा. ठेंगण्या मुलांच्या बापांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण "उंची वाढेल ना सर?" हा मला सर्वात जास्त विचारला जाणारा दुसरा प्रश्न आहे.

२०१२मध्ये हेडिंग्लेला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याने कसोटी पदार्पण केलं. धावा चौतीसच, पण इंग्लंडचा बडा फलंदाज केव्हिन पीटरसनबरोबर मोठी भागीदारी झाली. दोन कसोट्यांनंतर त्याला वगळलं आणि पुढची कसोटी मिळायला तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत तो कौंटीत धावा करत राहिला. प्रथम श्रेणीत त्याच्या ९००० हून अधिक धावा आहेत, सरासरी ४६च्या आसपास. एवढ्या धावा करून वाट पाहणं काय असतं, ते जिल्ह्याच्या संघातून तीनदा गळालेल्या माझ्या एका विद्यार्थ्याला विचारा.

२०१५च्या विश्वचषकात मेलबर्नला ऑस्ट्रेलियाने ३४२ धावा केल्या आणि इंग्लंडची एक बाजू कोसळत गेली. टेलर ९८वर असताना ऑस्ट्रेलियाच्या हेझलवूडचा चेंडू पॅडला लागला आणि पंचांनी बोट वर केलं. त्या गडबडीत फलंदाज धावले आणि इंग्लंडचा शेवटचा फलंदाज अँडरसन धावबाद झाला. टेलरने दाद मागितली, तो निर्णय फिरला, तरीही अँडरसनला बाद देऊन सामना संपवला गेला. नियम असा की पंचाने बाद दिलं, त्या क्षणी चेंडू मृत, म्हणजे खेळ तिथेच थांबला. पुढचा धावबाद धरायलाच नको होता. आयसीसीने चूक मान्य केली, पण ते दोन रन काही मिळाले नाहीत. नाबाद ९८. त्या सप्टेंबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर त्याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने १०१ केल्या, तेव्हा मला घरातलं कुणी पास झाल्यासारखं वाटलं होतं.

पण माझा जीव त्याच्या बॅटिंगपेक्षा शॉर्ट लेगवरच्या, म्हणजे फलंदाजाच्या अगदी पुढ्यातल्या जागेवरच्या, क्षेत्ररक्षणावर जास्त जडला. जानेवारी २०१६, जोहान्सबर्ग. इंग्लंडच्या ब्रॉडने ६ बळी घेतले, दक्षिण आफ्रिका ८३त गारद झाली. त्या डावातले अमला आणि विलासचे झेल टेलरने बॅटच्या तोंडाशी उभं राहून टिपले. डोळा आधी हलतो की हात, हे व्हिडिओ सावकाश चालवूनही कळत नाही. आमच्या पिढीला अशा वेळी एकनाथ सोलकरच आठवणार. मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर माळीकाम करणाऱ्याचा मुलगा, हेल्मेट न घालता त्या जागी उभा राहिला, २७ कसोट्यांत ५३ झेल. ही जागा धाडसाची म्हणतात. मला ती निष्ठेची वाटते. तिथे उभा राहणारा स्वतःसाठी काहीच कमवत नसतो, बळी गोलंदाजाच्या नावावर लागतो.

तर जोहान्सबर्गचे ते झेल जानेवारीतले. ६ एप्रिलला टेलर केंब्रिजच्या फेनर्स मैदानावर नॉटिंगहॅमशायरकडून विद्यापीठ संघाविरुद्ध साधा सरावाचा सामना खेळायला गेला. वॉर्मअपमध्ये छाती आवळून आली, हृदय बेताल धावू लागलं. मिनिटाला २६५ ठोके, आणि तेही कित्येक तास. आधी विषाणूचा ताप असावा असं वाटलं. मग तपासण्यांत निघालं की त्याच्या हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या स्नायूची जागा हळूहळू चरबी आणि व्रणाची ऊती घेत होती. असं झालं की ठोक्याचा विजेचा संदेश वाट चुकतो. हा दोष बहुधा आईकडून किंवा वडिलांकडून येतो, तारुण्यात डोकं वर काढतो, आणि जोराचा व्यायाम तो वाढवतो. म्हणजे जो जास्त मेहनत घेतो, त्याचंच नुकसान जास्त. १२ एप्रिलला निवृत्ती जाहीर झाली. वय २६. ७ कसोट्या, २७ एकदिवसीय सामने. हृदय बेताल झालं तर झटका देऊन ताळ्यावर आणणारं यंत्र छातीत बसवलं. पुढे २०१८मध्ये तो इंग्लंडच्या निवड समितीत गेला, २०१९चा विश्वचषक जिंकणारा संघ निवडणाऱ्यांत तोही होता.

ही बातमी मी सकाळी वाचली आणि चहा तसाच राहिला. आदल्याच वर्षी माझ्याकडचा एक चौदा वर्षांचा मुलगा राउंड मारताना थांबला होता. "सर, छातीत कसंतरी होतंय." मी म्हणालो, नाटकं करू नकोस, आणि त्याला आणखी दोन राउंड मारायला लावले. त्याने मारले. टेलरची बातमी वाचून मी त्याच्या घरी गेलो, आईवडिलांची माफी मागितली, त्याला घेऊन मिरजेला हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो. ईसीजी, इको, सगळं ठीक निघालं. पण त्याने ते दोन राउंड कसे मारले असतील, हे माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

म्हणून तो प्रश्न. मी डॉक्टर नाही. एक ईसीजी चांगला आला म्हणजे चिंता मिटली असंही नसतं, हा आजार सुरुवातीला कागदावर दिसेलच असं नाही, असं मिरजेच्या डॉक्टरांनीच मला समजावलं. घरातला इतिहास मात्र कुठल्याही यंत्राशिवाय कळतो. पहिल्या दिवशी मी मुलांना जोहान्सबर्गचे झेल दाखवतो, मग केंब्रिजची सकाळ सांगतो, आणि सांगतो की छातीत काही झालं तर खाली बसायचं. कुणी ओरडणार नाही. मीही नाही.

यंदा एका ताईंनी तो प्रश्न कोरा सोडून फॉर्म दिला. दुसऱ्या दिवशी मुलाला सोडायला आल्या तेव्हा फॉर्म परत मागितला आणि जाळीला टेकून उभ्यानेच लिहिलं: माझा मोठा भाऊ, वय २३, कबड्डी खेळताना. सासरी हे कधी सांगितलं नव्हतं म्हणाल्या, उष्माघात असंच सगळे धरून चालले होते. मी त्यांना मिरजेचा पत्ता दिला. मायलेक दोघांचीही तपासणी झाली आहे, काही रिपोर्ट यायचे आहेत. तोवर मुलगा रोज येतो, राउंड मारत नाही, माझ्या शेजारी बसून स्कोअर लिहितो. अक्षर फार सुरेख आहे त्याचं.