जर्मनीत पुस्तकांवर सूट शोधू नका

जर्मनीत नवं जर्मन पुस्तक कुठूनही घ्या, किंमत तीच लागते. रेल्वे स्टेशनवरचं दुकान असो, विद्यापीठाशेजारचं असो की अॅमेझॉन असो, एका पुस्तकाला एकच आकडा. तो प्रकाशक ठरवतो आणि विक्रेत्याला पाळावाच लागतो. 1888 पासून हे प्रकाशक आणि विक्रेत्यांच्या आपसांतल्या बंधनांवर चालत आलं होतं. 1 ऑक्टोबर 2002 पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे आणि 2016 मध्ये ई-पुस्तकंही स्पष्ट शब्दांत त्यात आली. पहिल्या प्रकाशनाला 18 महिने उलटले की प्रकाशक त्या आवृत्तीची बांधलेली किंमत सोडून देऊ शकतो; पण हातोहात खपणाऱ्या पुस्तकाची कोण सोडेल? तेव्हा घासाघीस, कूपन, 'ऑनलाइन स्वस्त पडेल' हे सगळं विसरूनच इथे यायचं.

याची दुसरी बाजूही बघण्यासारखी आहे. किमतीची चढाओढ नसल्यामुळे गल्लीबोळातली लहान दुकानं तगून आहेत, आणि त्यांच्यामागे घाऊक वितरकांची जबरदस्त यंत्रणा उभी आहे. दुकान बंद व्हायच्या आधी पुस्तकाचं नाव सांगा. वितरकाच्या गोदामात प्रत असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात तुमच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलेली असते. वेगळा टपालखर्च नाही.

नियमातून सुटणाऱ्या गोष्टी मोजक्याच. वापरलेली पुस्तकं सुटतात. परदेशी भाषेतली बहुतेक पुस्तकं सुटतात, म्हणून इंग्रजी पाठ्यपुस्तकाची किंमत मात्र चार ठिकाणी ताडून बघावी. आणि तिसरी 'मेंगेलएक्झेम्प्लार', म्हणजे कोपरा दुमडलेली, कव्हर ओरखडलेली, वाहतुकीत मार खाल्लेली प्रत. ती ओळखायची खूण एकच: पुस्तक उलटं करून पानांच्या खालच्या कडेकडे बघा, तिथे शिक्का किंवा जाड पेनाची रेघ असते. दुकानाबाहेरच्या टेबलांवर अशा प्रतींचे ढीग असतात. मजकूर पूर्ण असतो, दुखापत बाहेरून असते. भेट द्यायला घेत असाल तर मात्र शिक्का बघून घ्या, जर्मन माणसाला तो लगेच दिसतो.

म्हणजे नव्या पुस्तकांत वाचवण्यासारखं फारसं काही उरत नाही. पैसे वाचतात ते कुठलं पुस्तक विकत घ्यायचंच नाही हे कळण्यात, आणि अभ्यासाचं, कामाचं आणि करमणुकीचं पुस्तक या तिघांचं उत्तर इथे वेगवेगळं आहे.

अभ्यासाची पुस्तकं भारतातून आणू नका, आणि आल्याआल्या विकतही घेऊ नका. इथली परीक्षा बहुतेक विषयांत प्राध्यापकाच्या 'स्क्रिप्ट'वर बेतलेली असते, म्हणजे त्यानेच तयार केलेल्या टिपणांवर किंवा स्लाइड्सवर. पहिल्या तासाला मिळणारी पुस्तकांची यादी ही शिफारस असते, सक्ती नव्हे. भारतातल्या स्वस्त आवृत्तीचं आणखी एक दुखणं असं की तिच्यातले स्वाध्याय आणि त्यांचे क्रमांक मूळ आवृत्तीशी जुळतीलच असं नाही. प्राध्यापकाने 'सातव्या प्रकरणातलं बारावं गणित' म्हटलं की तुम्ही भलतंच सोडवून नेता. बॅगेतले चार किलो त्यासाठी खर्ची घालू नयेत.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात 'लेअरबूखझामलुंग' नावाचा विभाग शोधा. एकाच पाठ्यपुस्तकाच्या दहा-वीस, कधी त्याहून जास्त प्रती तिथे रांगेत असतात. मुदत साधारण चार आठवडे, आणि दुसऱ्या कुणी मागणी नोंदवली नसेल तर पुन्हा पुन्हा वाढवता येते. गोची इथेच होते. परीक्षेच्या आधी सगळेच मागणी नोंदवतात, तुमची मुदतवाढ नाकारली जाते आणि ऐन वेळी पुस्तक परत करावं लागतं. म्हणून सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत दोन पर्यायी लेखकांची पुस्तकं बघून ठेवावीत. आठवण करून देणारी ईमेल ही बहुतेक ठिकाणी निव्वळ सोय असते. ती आली नाही म्हणून दंड माफ होत नाही. नाव काढून घेताना ग्रंथालयाची थकबाकी नसल्याचा दाखला मागणारी विद्यापीठंही पुष्कळ आहेत.

पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक वाचायला शिका, तासभर वाचतो. अनेक विद्यापीठांत रेगेन्सबुर्गची वर्गीकरण पद्धत आहे. पहिली दोन रोमन अक्षरं विषय सांगतात: एस-टी म्हणजे संगणकशास्त्र, एस-के म्हणजे गणित, क्यू-पी म्हणजे व्यवसाय व्यवस्थापन. पुढे उपविषयाचा आकडा, मग लेखकासाठी एक अक्षर आणि काही अंक. शेवटी कंसात आवृत्तीचा क्रमांक आणि अधिकच्या चिन्हापुढे प्रतीचा. म्हणजे कंसात 4 आणि पुढे अधिक 3 असेल तर ती चौथ्या आवृत्तीची तिसरी प्रत. शेजारी कंसात 6 असलेली प्रत उभी असताना लोक हाताला लागेल ती 4 घेऊन जातात. आणि मान कुठे वळवायची तेही लक्षात ठेवा: जर्मन पुस्तकाच्या पाठीवरचं नाव सहसा खालून वर छापतात, इंग्रजीचं वरून खाली. दोन्ही भाषांची पुस्तकं एकत्र असलेल्या कपाटापुढे मानेला छान व्यायाम होतो.

हवं ते पुस्तक तुमच्या शहरातल्या ग्रंथालयांत नसेल तर 'फेर्नलाये', म्हणजे दुसऱ्या शहरातून मागवणं. शुल्क बहुतेक ठिकाणी फक्त 1.50 युरो, वेळ साधारण एक ते दोन आठवडे. कुठे काय आहे हे बघायला कार्ल्सरूहची एकत्रित शोधसूची आहे. एकाच खिडकीतून अनेक देशांच्या ग्रंथसूची चाळता येतात. ई-पुस्तकांसाठी घरून व्हीपीएन किंवा विद्यापीठाचं लॉगिन लागतं. काही प्रकाशकांची पुस्तकं प्रकरणागणिक पीडीएफमध्ये बिनदिक्कत उतरवता येतात, काही ठिकाणी एका वेळी एकच वाचक आणि दिवसाला ठरावीक पानं. विद्यार्थी म्हणून नाव निघालं की हे दार बंद होतं, तेव्हा प्रबंधासाठी लागणारं आधीच उतरवून ठेवा. स्कॅनिंगची मुभाही बेहिशोबी नाही. स्वतःच्या वैज्ञानिक संशोधनासाठी कायद्याने एखाद्या पुस्तकाचा 75 टक्क्यांपर्यंत भाग घेता येतो. अख्खं पुस्तक झेरॉक्स करणं मात्र, ते दोन वर्षं बाजारातून संपलेलं असल्याखेरीज, चालत नाही. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांची सवय असलेल्यांना हे पचायला जरा जड जातं.

कामाच्या पुस्तकांचा हिशेब नेमका उलटा. तिथे काटकसर महागात पडते, कारण जुनी आवृत्ती म्हणजे चुकीची आवृत्ती. धातुकामाचं व्यावसायिक प्रशिक्षण, म्हणजे 'आउसबिल्डुंग', घेणाऱ्याला कोष्टकांचं पुस्तक लागतं, 'टाबेलनबूख'. आटे, मापात चालणारी कमीजास्त सूट (टॉलरन्स), पोलादाच्या जाती, कापण्याचे वेग असं सगळं त्यात असतं आणि परीक्षेतही ते जवळ ठेवता येतं. मानकं बदलली की कोष्टकं बदलतात, पान क्रमांक सरकतात. वर्गात शिक्षक पान सांगतो आणि जुनी आवृत्ती घेतलेला मुलगा शोधत बसतो. परीक्षेला नेणार असाल तर समासात काही लिहू नका. किती खुणा चालतात हे परीक्षा घेणारी संस्था ठरवते, आणि तिचं लेखी पत्रक बघितल्याशिवाय हायलाइटरला हात लावू नये.

कायदा आणि करक्षेत्रात तर सुट्या पानांचे जाडजूड संग्रह चालतात. वर्षातून अनेकदा नव्या पानांचा गठ्ठा येतो, सोबत कुठली पानं काढायची आणि कुठली घालायची याची यादी. कडी उघडून एकेक पान बदलायचं. एक गठ्ठा चुकला की पुढची यादी जुळत नाही आणि संग्रह भरवशाचा राहत नाही. म्हणून असा संग्रह जुना घेताना पहिल्या पानांतली 'श्टांट' ही तारीख बघा, म्हणजे मजकूर कोणत्या दिवसापर्यंतचा आहे ते कळतं. नावावरूनही एक अंदाज बांधता येतो. म्युनिकच्या बेक प्रकाशनाने 2021 मध्ये नाझी काळाशी जोडलेल्या कायदेपंडितांची नावं आपल्या ग्रंथांवरून काढली. 'शोनफेल्डर' हा कायदेसंग्रह आता 'हाबरझाक' झाला आणि 'पालांट' हा नागरी संहितेवरचा भाष्यग्रंथ झाला 'ग्र्यूनेबेर्ग'. बाजारात जुन्या नावाने स्वस्तात दिसलं तर ते का स्वस्त आहे हे वेगळं सांगायला नको. एखादाच कायदा हवा असेल, उदाहरणार्थ भाडेकराराच्या भांडणासाठी नागरी संहिता, तर पेपरबॅक पुरतं, आणि कायद्यांचा मूळ मजकूर केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर फुकट आहे.

अभियंत्यांसाठी एक हमखास कामाची गोष्ट. डीआयएन, म्हणजे जर्मन तांत्रिक मानकं प्रकाशित करणारी संस्था पूर्वी बॉइट फेरलाग होती, 2024 पासून तिचं नाव डीआयएन मीडिया आहे. चार-दहा पानांच्या मानकासाठीही चांगलीच रक्कम मोजावी लागते. पण अनेक तांत्रिक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत 'नॉर्मेन-इन्फोपॉइंट' (पूर्वीचं 'आउसलेगेश्टेले') असतं, तिथे बसून मानकं फुकट वाचता येतात, बाहेरच्या माणसालासुद्धा. उतरवून नेता येत नाहीत, टिपणं काढायला वही न्यायची.

नोकरी करत असाल तर व्यावसायिक पुस्तकांची पावती फाडू नका. करविवरणात ती नोकरीसाठीच्या खर्चात धरता येते, पण पावतीवर पुस्तकाचं पूर्ण नाव हवं. नुसतं 'व्यावसायिक पुस्तक' असं छापलेली पावती करकार्यालय सहसा मान्य करत नाही, म्हणून दुकानदाराकडून तिथल्या तिथे नाव लिहून घ्यावं. 2023 पासून 1,230 युरोंची सरसकट वजावट प्रत्येक नोकरदाराला आपोआप मिळते, तेव्हा प्रवास, संगणक, पुस्तकं मिळून खर्च त्याच्या वर गेला तरच पावत्यांना अर्थ आहे.

कथा-कादंबऱ्या? त्या शक्यतो विकत घेऊच नयेत, निदान पहिली दोन वर्षं. नवी कादंबरी आधी पुठ्ठा बांधणीत येते, पेपरबॅक बहुधा वर्षभराने किंवा त्याहून उशिरा. नगर ग्रंथालयात नाव नोंदवायला पासपोर्टवर भागत नाही, कारण त्यावर इथला पत्ता नसतो. पत्त्याच्या नोंदणीचा कागद, 'मेल्डेबेशायनिगुंग', सोबत न्या. रविवारी बहुतेक नगर ग्रंथालयं बंद असतात. त्याच कार्डावर 'ऑनलाये' ही ई-पुस्तकांची सेवा मिळते. किंडल घेऊन येणाऱ्यांची इथे निराशा होते: ऑनलायेची पुस्तकं किंडल यंत्रावर चालत नाहीत, टोलिनो या वाचनयंत्रावर किंवा मोबाइलच्या अॅपवर चालतात. वाचनयंत्र घ्यायचंच असेल तर हे आधी बघा.

चौकाचौकांत उभी असलेली पुस्तकांची खुली कपाटं, कधी जुन्या टेलिफोन बूथमधली, ही खरी चैन. हवं ते न्या, नको ते ठेवा, विचारणारं कुणी नाही. फक्त जर्मन शिकत असाल तर छपाईचं वर्ष बघून घ्या. 1996 च्या शुद्धलेखन सुधारणेआधीच्या पुस्तकांत ऱ्हस्व स्वरानंतरही 'एस्झेट' (ß) हे अक्षर येतं. आता तिथे दोन एस लिहितात. जुन्या कादंबऱ्यांवर नजर बसली की परीक्षेत तीच चूक हातून होते. 1941 च्या आधीची पुस्तकं तर बऱ्याचदा फ्राक्टुर या जुन्या टोकदार लिपीत असतात, त्यातला लांब एस जवळजवळ एफसारखा दिसतो.

जर्मनची बी-वन, म्हणजे मधली पातळी पार केलेला माणूस पहिली कादंबरी उघडतो आणि पहिल्याच पानावर अडतो, याचं कारण शब्दसंग्रह नसून भूतकाळ आहे. बोलताना सगळे जो भूतकाळ वापरतात तो कादंबरीत जवळपास नसतोच. निवेदन 'प्रेटेरिटुम' या लेखी भूतकाळात चालतं आणि अनियमित क्रियापदांची रूपं ओळखू येत नाहीत. त्यातली शंभरेक आधी पाठ करा, मग उघडा. सुरुवातीला 'सोप्या भाषेतली' रूपांतरं किंवा आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठीची पुस्तकं घ्या, पुढे आपल्या शहरात घडणारी रहस्यकथा. रस्त्यांची नावं ओळखीची असली की वाचन थांबत नाही. अभिजात साहित्यासाठी रेक्लाम प्रकाशनाची खिशात मावणारी पिवळी पुस्तकं आहेत. ही मालिका 1867 मध्ये सुरू झाली, कारण त्या वर्षी गटेसारख्या जुन्या लेखकांवरचे हक्क संपले. पिवळं म्हणजे फक्त जर्मन मजकूर, नारिंगी द्विभाषिक, निळं शाळकरी मार्गदर्शक. जुन्या पिवळ्या प्रतींत आधीच्या विद्यार्थ्याच्या पेन्सिलीतल्या टिपा असतात, त्या अनेकदा निळ्या पुस्तकाचं काम भागवतात.

मराठी पुस्तकांचं काय, हा प्रश्न उरतोच. हायडेलबर्ग विद्यापीठाची दक्षिण आशिया संस्था 1962 मध्ये स्थापन झाली. खंडोबा आणि धनगरांच्या लोकपरंपरेवर आयुष्य वेचणारे ग्युंटर सोन्थायमर तिथलेच, आणि तिच्या ग्रंथालयात मराठी पुस्तकं आहेत. शोधताना देवनागरी टाकून काही सापडलं नाही तर निराश होऊ नका. जुन्या नोंदी रोमन लिप्यंतरात असतात. लेखकाचं आडनाव आणि प्रकाशनवर्ष एवढंच टाकून बघा, शीर्षकातल्या जोडाक्षरांची स्पेलिंगं जुळवत बसण्यापेक्षा ते लवकर लागतं.

घरून पुस्तकं पाठवणाऱ्यांनी पार्सलच्या फॉर्मवर 'छापील पुस्तकं', नग आणि किंमत स्पष्ट लिहावी. किंमत कोरी राहिली की पार्सल कस्टमच्या कार्यालयात अडकतं आणि सोडवायला पावत्या घेऊन स्वतः जावं लागतं. पुस्तकांवर आयातशुल्क नाही. खाजगी व्यक्तीने खाजगी व्यक्तीला पाठवलेली 45 युरोंपर्यंतची भेट करमुक्त असते. भारतातल्या दुकानातून तुम्ही स्वतः मागवलेलं पुस्तक भेट ठरत नाही. त्यावर टपालखर्च धरून 7 टक्के कर बसतो आणि तो भरून घेणारी कुरिअर कंपनी वर आपलं शुल्क लावते. दोनशे रुपयांच्या कवितासंग्रहासाठी हा खटाटोप परवडत नाही. तो येणाऱ्या माणसाच्या हॅन्डबॅगेत टाकून द्यावा.