शंभर रुपयांची पावती

आमच्या दवाखान्यात ब्रदरची, म्हणजे पुरुष परिचारकाची, जागा पाच महिने रिकामी होती. यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या पुढे, हायवे सोडून बारा किलोमीटर आत असलेला ट्रस्टचा तीस खाटांचा दवाखाना. आधीचा ब्रदर सुरतला गेला, दुप्पट पगारावर. जाहिरात दोनदा दिली. येणारे आधी क्वार्टर बघायचे, मग शेवटची एसटी किती वाजता ते विचारायचे, आणि 'कळवतो' म्हणून जायचे ते जायचेच. तोवर जुलै लागला. आमच्याकडे जुलै म्हणजे निंदण-डवरणीचे दिवस, म्हणजेच सापांचे. नाइटला एक सिस्टर, एक मावशी, आणि दारात ऑटोतून उतरवलेला चावलेला माणूस, त्याच्यासोबत पंधरा जण. मी मेट्रन, वय चोपन्न, तरी आठवड्यातल्या दोन नाइट मीच करत होते. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं मी फार उदारपणे केलं असं कुणाला वाटायला नको. मला माणूस हवा होता.

ही गोष्ट २०२३ ची. त्या दिवशी मुलाखतीला तिघं आले. पहिल्याची नर्सिंग कौन्सिलची नोंदणी संपून वर्ष झालेलं. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं हे त्याला माझ्याकडून कळलं. दुसरी मुलगी हुशार होती, पण तिच्या वडिलांनी दारातूनच 'नाइट नको' सांगितलं. तिसरा सव्वीस वर्षांचा. शर्ट इस्त्रीचा, कॉलर मात्र झिजलेली. त्यानं फाइल उघडली, सगळ्यात वरचा कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला.

"मॅडम, हे पयले पाहून घ्या. मंग बाकीचे दाखवतो."

कोर्टाच्या आदेशाची नक्कल होती. मागे पिनेनं पावती लावलेली. भारतीय दंड संहिता, कलम १६०. दंड शंभर रुपये.

आमच्या अर्जात एक रकाना आहे, सरकारी नमुन्यातून कुणीतरी उचलून घातलेला: 'आपणाविरुद्ध फौजदारी गुन्हा दाखल झाला आहे किंवा होता काय?' त्याच्यापुढे 'होय' लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. बाकीच्यांनी तो रकाना वाचलाही नसावा. मी स्वतः रुजू होताना वाचला होता की नाही, तेही आता आठवत नाही.

"मारामारी?"

"हाव. पोळ्याची."

विदर्भाबाहेरच्यांना हे जरा समजावून सांगावं लागेल. पोळ्याच्या दिवशी गावाच्या आखरावर, म्हणजे गावाजवळच्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याखाली सगळ्यांच्या जोड्या सजवून रांगेनं उभ्या राहतात. झडत्या होतात, म्हणजे एकमेकांना चिमटे काढणाऱ्या ओळी म्हणतात. मग तोरण तुटतं आणि पोळा फुटतो. पहिली जोडी कुणाची, हा मान ठरलेला असतो. आणि जिथं मान तिथं भांडण. त्यात कित्येकांनी सकाळपासून घेतलेली असते. २०१७ च्या पोळ्याला ह्याच्या काकानं मानकऱ्याच्या घरावर झडती म्हटली. काय म्हटलं ते त्यानं मला सांगितलं नाही. "तुमच्यासमोर सांगाजोगं नाई," एवढंच. लाथाबुक्क्या झाल्या, सदरे फाटले, बैल उधळले. बंदोबस्ताचे पोलीस उभेच होते. दोन्हीकडचे मिळून नऊ जण ठाण्यात गेले. हा तेव्हा वीस वर्षांचा, जीएनएम ह्या नर्सिंगच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, सणाला म्हणून घरी आलेला.

"मी सोडवायले गेलतो असं म्हनता येते मॅडम, पन ते खरं नाई. म्याबी दोन ठेवल्या."

मी पेन खाली ठेवला.

सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता मोडणं, एवढाच तो कलम १६० चा गुन्हा. तेव्हाच्या कायद्यात त्याला जास्तीत जास्त महिनाभर कैद, नाहीतर शंभर रुपये दंड, नाहीतर दोन्ही होतं. तारखा पडत गेल्या. एक तारीख ह्याच्या प्रॅक्टिकलच्या आठवड्यात आली. नऊ जणांचा मिळून एक वकील होता, तो म्हणाला, कबूल करा, शंभर-शंभर भरा, मोकळे व्हा. आठ जण शेतकरी होते, ते खरंच मोकळे झाले. त्या आठांना पुढे आयुष्यात कुणी चारित्र्याचा दाखला मागितला नाही.

ह्याला मागितला. आरोग्य अभियानाच्या कंत्राटी भरतीत त्यानं 'होय' लिहिलं, तिथून उत्तरच आलं नाही. कोविडमध्ये नागपूरच्या एका खासगी दवाखान्यात दीड वर्ष आयसीयू केला, तेव्हा कुणी काही विचारलं नाही. "तवा मानूस पायजे होता," तो म्हणाला. (मला उगाच माझंच वाक्य ऐकल्यासारखं झालं.) नंतर माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीमार्फत दुसरीकडे लागला. तिथं पोलिसांचं प्रमाणपत्र लागलं. ऑनलाइन अर्ज केला, ठाण्यात जाऊन जबाब दिला, आणि अधीक्षक कार्यालयाचं प्रमाणपत्र आलं ते केसच्या नोंदीसकट. अकराव्या दिवशी आयकार्ड काढून घेतलं. त्यानंतर वर्षभर तो गावातल्या कृषी केंद्रात बियाण्याच्या बॅगा उचलत होता. हे सगळं त्यानं न रडता सांगितलं, पेशंटची हिस्ट्री सांगावी तसं.

मग मी माझा नेहमीचा प्रश्न टाकला. घोणस चावलेला आला आहे, डॉक्टर अर्ध्या तासावर आहेत. काय करशील?

"हातपाय हलू देत नाई. अंगठी, कडं काढून घेतो, सूज चढते म्हनून. दोरी बांधून आनली असन तं एकदम सोडत नाई, डॉक्टरले इचारतो. लाइन घेतो. दोन मिली रक्त काचेच्या नळीत काढतो, घड्याळ लावतो, वीस मिनिटं नळीले हात लावत नाई, मंग रक्त गोठलं का ते पाहतो. नळी नवी अन् कोरडी पायजे. साबनानं धुतलेली असन तं चांगलं रक्तबी गोठत नाई, मंग आपन फसतो."

नळीचं हे त्याच्या आधी माझ्याकडे आलेल्या एकालाही माहीत नव्हतं. एकानं तर प्लास्टिकची चालेल म्हटलं होतं.

"आणि मण्यार असली तर?"

"डंख दिसतच नाई बरेचदा. रात्री खाली झोपलेला मानूस पहाटे पोट दुखते म्हनत येते. पापन्या पाहत ऱ्हावं लागते, खाली येऊन ऱ्हायल्या का."

मला आणखी काही विचारायचं नव्हतं.

कमिटी संध्याकाळी बसली. अध्यक्ष म्हणाले, "सिस्टर, गुन्हेगार मानूस कायले घेता? आपल्याकडे बायाबापड्या भरती असतात." सचिवांनी मान डोलावली. आता ह्या सचिवांचं सांगते. शेतकरी संघटनेच्या कापूस आंदोलनात ते रास्ता रोको करताना आत गेले होते. किती दिवस होते, जेलात भाकरी कशी होती, हे दर १५ ऑगस्टच्या भाषणात येतं आणि आम्ही दर वेळी टाळ्या वाजवतो. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. आमच्या ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरवर अवैध दारूच्या दोन केसेस आहेत, हे मात्र मी बोलले. त्यावर अध्यक्ष म्हणाले, "तो आपला मानूस हाये." तो अर्ज भरून आलाच नव्हता, ओळखीनं आला होता. त्यामुळे रकान्याचा प्रश्नच आला नाही.

शेवटी ट्रस्टच्या वकीलसाहेबांना फोन लावला, स्पीकरवर. त्यांनी कलम ऐकलं आणि हसले. म्हणाले, ह्या दंडामुळे ट्रस्टनं परिचारक नेमू नये असं कुठं लिहिलेलं मला ठाऊक नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल आहे, तो सरकारी नोकरीपुरता, पण त्यातली गोष्ट कामाची आहे. माणसानं माहिती लपवली का, हे आधी बघायचं; आणि लहान वयातली किरकोळ बाब असेल तर लपवलेलीसुद्धा मालकाला सोडून देता येते. "ह्यानं तर स्वतः कागद आनून दिला. पन खरं सांगितलं म्हनून घ्यावंच लागते असंबी नाई. तुमच्यावर हाये." फोन ठेवता ठेवता ते अजून एक बोलले, ते माझ्या डोक्यातून जात नाही. १९५८ चा एक परिवीक्षा कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल आणि आधी शिक्षा झालेली नसेल, तर कोर्ट कलम ३ खाली दंड न करता समज देऊन सोडू शकतं. आणि तसं सोडलं तर शिक्षेमुळे कायद्यानं येणारी अपात्रता लागत नाही, असं त्याच कायद्याचं कलम १२ सांगतं. पोलिसांची नोंद पुसली जात नाही, पण कागदावर 'दंड' ऐवजी 'समज' आलं असतं. देणं न देणं न्यायाधीशांच्या मनावर. "पन कोनी मांगतच नाई ना सिस्टर. शंभर रुपये भरले का साऱ्याइले घाई घरी जायची."

ठरलं ते असं: सहा महिन्यांचं कंत्राट, जाहिरातीतल्यापेक्षा दोन हजार कमी, आणि महिला वॉर्डात नाइट नाही. ही शेवटची अट कागदावरच राहणार हे मला ठाऊक होतं. रात्री एकच स्टाफ असतो, सलाइन संपल्यावर वॉर्ड कोणाचा ते बघत बसत नाही. म्हणून त्यावर मी गप्प राहिले. दोन हजारांवर मात्र बोलायला हवं होतं. नाही बोलले. आमच्या सातव्या तारखेच्या पगाराच्या यादीवर सही माझी असते, आणि ते दोन हजार दर महिन्याला मला दिसतात.

पत्र त्यानं दोनदा वाचलं. मला वाटलं, पगारावर अडेल. त्यानं विचारलं, "क्वार्टरमधी आईले आनलं तं चालन का?"

त्या वर्षी पोळा १४ सप्टेंबरला होता. पोळ्याच्या सुट्टीवरून आमच्याकडे दिवाळीपेक्षा जास्त भांडणं होतात. रोस्टर लावायचं म्हणजे माझं डोकं उठतं. ह्यानं स्वतः येऊन त्या दिवशीच्या संध्याकाळपुढे आपलं नाव लिहिलं. सातच्या सुमारास जवळच्या गावात पोळा फुटला आणि आठला पहिली ऑटो आली. ढकलाढकलीत दगडावर पडलेला अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, कपाळावर तीन इंच फाटलेलं, अंगाला बैलाच्या झुलीचा रंग आणि तोंडाला दारूचा वास. मागच्या ऑटोत दुसऱ्या पार्टीचा एक, हात धरून. एमएलसीसाठी, म्हणजे पोलिसांत जाणाऱ्या जखमेच्या नोंदीसाठी, हवालदार बाकावर येऊन बसला. डॉक्टर टाके घालत होते, हा गॉज धरून उभा होता, मी रजिस्टर भरत होते.

"केस होईन का जी?" पोरानं विचारलं.

"होऊ शकते. शिकून ऱ्हायला का तू?"

"आयटीआय."

"मंग आयक. तारखेले कोनी म्हनन, कबूल कर अन् मोकळा हो. लगेच हाव म्हनजो नको. वकिलाले इचारजो, समज देऊन सोडता येते का मने."

पोराला काही कळलं नसावं, तो अजून गुंगीत होता. ब्रदरनं गॉज बदलला, पायाशी उभ्या असलेल्या त्याच्या आईकडे पाहिलं, तेच सगळं तिला पुन्हा एकदा हळू सांगितलं, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन भरायला घेतलं.