विंडोज ११ : दोन बदल, रोजचा त्रास कमी

विंडोज आणि व्ही ही बटणं एकत्र दाबा, 'टर्न ऑन' निवडा. आता कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टींची यादी जपली जाते; तीच बटणं दाबली की ती दिसते. संगणक पुन्हा सुरू केला की यादी पुसली जाते; पत्ता, जीएसटी क्रमांक असं नेहमीचं काही असेल तर यादीत ते पिन करा, म्हणजे पुसलं जाणार नाही. कॉपी केलेला पासवर्डही यात दिसू शकतो, तेव्हा सामाईक संगणकावर ही सोय बंदच बरी.

मराठी-इंग्रजी अदलाबदल विंडोज आणि स्पेसने होते. पण एक्सेलमध्ये इंग्रजी केलं की वर्डमध्येही इंग्रजीच! सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज इथे जाऊन 'लेट मी यूज अ डिफरंट इनपुट मेथड फॉर ईच अ‍ॅप विंडो'वर टिक करा. मग प्रत्येक खिडकी आपली भाषा धरून ठेवते.