पेसमेकरला गोंगाट ऐकू येऊ लागला तेव्हा

पेसमेकर बसवून तिसरा महिना सुरू झाला होता आणि ज्या त्रासासाठी तो बसवला, तोच त्रास मला पुन्हा होऊ लागला होता. मात्र या वेळी त्याला निमित्त लागत असे. ओले कपडे पिळताना, बरणीचे घट्ट झाकण उघडताना किंवा कपाट ढकलताना दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि हात सैल सोडला की सगळे पूर्ववत व्हायचे. माझ्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विद्युत संदेश पूर्णपणे अडलेला आहे आणि खालचे कप्पे आपणहून मिनिटाला जेमतेम 30 ठोके देतात, त्यामुळे यंत्र थोडे जरी थांबले तरी ते लगेच जाणवते. प्रत्येक वेळी मी काय करत होतो, हे वहीत लिहून ठेवले होते. पुढे तपासणीची दिशा त्या नोंदींवरूनच ठरली.

तपासणीच्या वेळी मी शांत पडून असताना प्रोग्रामरच्या, म्हणजे पेसमेकर बाहेरून तपासणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर सारे व्यवस्थित दिसत होते. मग टेक्निशियन मॅडमनी मला दोन्ही तळहात छातीसमोर एकमेकांवर जोरात दाबायला सांगितले. त्याबरोबर पडद्यावरच्या सपाट रेषेवर बारीक, दाट काटे उगवले, त्यांच्याखाली ‘ठोका आला’ अशा खुणा भराभर उमटू लागल्या आणि पेसिंगची, म्हणजे यंत्राने ठोका दिल्याची, रेघ मात्र उमटेनाशी झाली. “हात सोडा!” असे त्या म्हणाल्या, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे अंधार दाटायला लागलाच होता.

डॉक्टरांनी त्याचा अर्थ नीट समजावून सांगितला. 1958 साली स्वीडनमध्ये पहिल्यांदा शरीरात बसवलेला पेसमेकर ठरावीक वेगाने ठोके देत राही, तो हृदयाचे काही ऐकत नसे. आजचा पेसमेकर आधी ऐकतो आणि हृदयाचा स्वतःचा ठोका आला तर गप्प बसतो. म्हणूनच छातीच्या स्नायूंचे विद्युत संकेत त्याला ठोके वाटले, तर गरज असतानाही तो गप्प राहतो.

माझी लीड, म्हणजे यंत्रापासून हृदयापर्यंत जाणारी तार, बायपोलर होती, म्हणजे तिच्या टोकाजवळ जेमतेम सेंटिमीटरभर अंतरावर दोन इलेक्ट्रोड होते आणि यंत्राने तेवढ्याच जागेतले ऐकायला हवे होते. प्रत्यक्षात ते युनिपोलर पद्धतीने, म्हणजे लीडचे टोक आणि स्नायूवर टेकलेली यंत्राची डबी यांच्यामधले सगळेच ऐकत होते. हा बदल कोणी माणसाने केला नव्हता. लीडचा विद्युत अवरोध एकदा मर्यादेबाहेर गेल्याचे आढळताच यंत्राने आपणहून पद्धत बदलली होती, आणि ती नोंद सहा आठवडे कोणी न पाहता पडून होती. याचा मला आजही राग येतो. ज्यांचे हृदय पूर्णपणे यंत्रावर अवलंबून आहे, त्यांनी आपल्या यंत्रात अशी आपोआप बदलाची सोय चालू आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

यंत्र पुन्हा बायपोलरवर आणताच स्नायूंचा गोंगाट नाहीसा झाला आणि तळहात कितीही दाबले तरी रेषा स्वच्छ राहिली. मला वाटले, काम झाले. डॉक्टरांना मात्र अवरोध मुळात का वाढला, हे शोधायचे होते. त्यांनी डावा हात डोक्यावर नेऊन फिरवायला सांगितला, तेव्हा उंच, वेडेवाकडे, वरून छाटल्यासारखे काटे आले. 600 ओहमच्या आसपास असलेला अवरोध त्याच क्षणी 3,000 च्या वर गेला. असा गोंगाट शरीरातून येत नाही, तो सैल किंवा तुटलेल्या जोडणीतून येतो.

यंत्राची संवेदनशीलता कमी करून, म्हणजे ठरावीक मर्यादेखालचे संकेत त्याने ऐकूच नयेत असे करून, भागणार नाही का, असे मी विचारले. काटे फार उंच आहेत, ते टाळण्याइतकी मर्यादा वाढवली तर हृदयाचे खरे ठोकेही यंत्राच्या नजरेतून सुटतील आणि ते नको त्या क्षणी ठोका देईल, असे डॉक्टर म्हणाले. शिवाय जोडणीच सैल असेल, तर ठोका हृदयापर्यंत पोचेल याचीही खात्री नव्हती. त्याच दिवशी मला दाखल करून घेतले. एक्स-रेमध्ये कॉलर बोनखाली लीड अखंड दिसली, पण तिची पिन डबीच्या तोंडात पुरती आत गेलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तात्पुरती पेसिंग वायर घालून, जागा बधिर करून, जुन्याच छेदातून डबी बाहेर काढली. मला दिसत काही नव्हते, पण सगळे ऐकू येत होते. पिन पुसून पुरती आत बसवली गेली, मग स्क्रू आवळणाऱ्या टॉर्क रेंचचा ‘टक्’ असा स्पष्ट आवाज आला आणि डॉक्टरांनी लीड हलकेच ओढून पाहिल्याचे सांगितले. अवरोध 580 ओहम होता. माझ्या स्वतःच्या ठोक्याचा संकेत 9 मिलिव्होल्ट भरला, म्हणून ऐकण्याची मर्यादा 2.5 मिलिव्होल्टवर ठेवली. आपोआप पद्धत बदलण्याची सोय बंद केली.

महिन्याने पुन्हा तपासणी झाली. मॅडमनी सांगण्याआधीच मी तळहात दाबले, मग हात डोक्यावर नेऊन फिरवला आणि पूर्ण वेळ पडद्याकडे पाहत राहिलो. पेसिंगची प्रत्येक रेघ आपल्या जागी येत होती.