तुम्ही विचारलंत म्हणून: रात्रशाळेत अलंकार कशासाठी?

परळच्या एका रात्रशाळेत मी मराठी शिकवते, असे सांगितले की नातेवाईक, शेजारी आणि दिवसाच्या शाळांतील ओळखीचे शिक्षक फिरून एकाच प्रश्नावर येतात: दिवसभर राबून आलेल्या मुलांना उपमा, उत्प्रेक्षा, लक्षणा, व्यंजना कशाला शिकवता? अर्ज लिहिता आला, बँकेचा कागद वाचता आला, एवढे पुरे नाही का? आजवर मी विषय बदलत आले. आज उत्तर देते.

अर्ज मी शिकवतेच, आणि मन लावून शिकवते. या प्रश्नामागे मुलांविषयी काळजी असते, हेही मला कळते. मला खुपते ते त्यातले गृहीतक, की भाषेचे बारकावे ही ज्यांना सवड आहे त्यांची चैन आहे. माझ्या वर्गातील मुले एकमेकांना रोज विचारतात, "डबा खाल्लास का?" डबा कोणी खात नाही. शब्दाचा सरळ अर्थ जुळत नाही, म्हणून त्याला चिकटलेला दुसरा अर्थ आपण घेतो. त्या शब्दशक्तीला लक्षणा म्हणतात. "साडेनऊ वाजले," असे शिपाई दाराशी उभा राहून म्हणतो तेव्हा वर्ग आवरा असा त्याचा अर्थ असतो, आणि मागच्या बाकावरचा मुलगा म्हणतो तेव्हा आता कल्याण गाडी चुकणार असा. शब्द तेच असून न बोललेला अर्थ कळतो, ती व्यंजना. काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वन्यालोक' लिहून या न बोललेल्या अर्थाला काव्याचा आत्मा म्हटले. माझ्या मुलांना ते एका तासात कळते, कारण मालकाच्या बोलण्यातला न बोललेला अर्थ ओळखण्यावर त्यांची नोकरी टिकलेली असते.

वृत्तांचेही तसेच आहे. मनाचे श्लोक लहानपणी म्हटलेले असले की भुजंगप्रयात शिकवावे लागत नाही. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' ही ओळ बाकावर बोटांनी वाजवली, मनासज्, जनाभक्, तिपंथे, चिजावे, की प्रत्येक तुकड्यात एक लघू आणि दोन गुरू असे चार 'य' गण हातालाच सापडतात. आपल्याला आधीपासून येत असलेल्या गोष्टीला नाव आहे, हे कळल्यावर त्या मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसते, त्यासाठी मी हे काम करते.

पण एवढेच सांगून थांबले तर ते अर्धे उत्तर होईल.

साम्यावर उभे असलेले अलंकार मी एका ओळीत मांडून शिकवते, कारण बोलणाऱ्याचा विश्वास किती पुढे गेला, हे त्यांतून मोजता येते. मुख चंद्रासारखे म्हटले तर उपमा; त्यात मुख हे उपमेय, ज्याच्याशी तुलना केली तो चंद्र हे उपमान आणि दोघांतले सारखेपण हा साधारण धर्म. मुख जणू चंद्रच म्हटले तर उत्प्रेक्षा. मुखचंद्र म्हटले तर रूपक. हे मुख नव्हेच, चंद्र आहे, अशी अपन्हुती. मुख की चंद्र, असा ससंदेह. आणि खरोखरच चंद्र समजून माणूस तसा वागू लागला तर भ्रांतिमान. पुस्तकात भ्रांतिमानाचे उदाहरण म्हणून एक प्रियकर भेटतो, जो तळ्यातल्या कमळांच्या पाकळ्यांना प्रियेचे डोळे समजून त्यांत अंजन घालायला पाण्यात उतरतो.

काही वर्षांपूर्वी चाचणीत मी भ्रांतिमानाचे स्वतःचे उदाहरण मागितले. मशीद बंदरला मसाल्याच्या वखारीत हमाली करणारा एक मुलगा होता; त्याच्या वहीच्या कडांना हळदीची बोटे उमटलेली असत. त्याने लिहिले होते: 'मी शाळेतून घरी जातो तेव्हा जिन्यावर पावले ऐकून आई बाबांचे ताट वाढते.' त्याचे वडील आदल्या वर्षी वारले होते, आणि ते मला ठाऊक होते. तरीही मी लाल शाईने लिहिले, 'चूक. उपमान कोठे आहे?' आणि दोनांपैकी शून्य गुण दिले. त्या रात्री माझ्यापुढे वह्यांचा गठ्ठा होता आणि माझे डोळे फक्त व्याख्या शोधत होते.

दोन दिवसांनी वर्ग सुटल्यावर तो वही उघडून टेबलाशी उभा राहिला. "बाई, माझी पावलं बाबांसारखीच वाजतात. ते उपमान चालेल का?"

मी म्हणाले, "चाचणीत पुस्तकातलंच लिहीत जा, म्हणजे गुण जात नाहीत."

त्याने मान हलवली. सहामाहीला त्याने तळ्यात उतरणारा प्रियकर लिहिला, अक्षर न् अक्षर बरोबर, आणि मी पूर्ण गुण दिले.

त्याचे वडील दहाच्या सुमारास कामावरून येत आणि तोही त्याच वेळी घरी पोहोचत असे, हे मला पुढे त्याच्या वर्गमित्राकडून कळले. उपमेय होते, उपमान होते, साधारण धर्म होता, आणि ताट वाढण्याची कृतीही होती. व्याख्येत काही कमी नव्हते. कमी पडले होते माझे वाचन. त्यानंतर वर्षभर मी अलंकार शिकवणे सोडले आणि तुमचाच प्रश्न स्वतःला विचारत राहिले. पुन्हा सुरू केले ते एवढ्यासाठी, की 'उपमान' हा शब्द त्याच्याजवळ नसता तर टेबलाशी येऊन माझी चूक दाखवायला त्याला जागाच उरली नसती. हे म्हणताना मी माझीच सोय पाहत असेन, अशीही शंका येते.

माझ्या तेव्हाच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा आहे. 'साहित्यदर्पण' हा संस्कृत काव्यशास्त्राचा ग्रंथ लिहिणाऱ्या विश्वनाथाने भ्रांतिमानासाठी नुसते साम्य पुरेसे मानलेले नाही. तो भ्रम कवीच्या प्रतिभेतून उपजलेला हवा. शिंपल्याला चांदी समजणे हा त्याच्या मते साधा भ्रम आहे, अलंकार नव्हे. त्या आईचा भ्रम कोणा कवीने रचलेला नव्हता, तो तिला खरोखरच होत होता. मग मी म्हणते, भ्रम आईचा असेल, पण ते वाक्य मुलाचे होते. पावले कोणाची हे न सांगता ताट कोणाचे ते त्याने सांगितले, ही निवड त्याने केली होती, आणि तिला प्रतिभा म्हणायचे नाही तर कशाला? त्यावर मन पुन्हा विचारते, की त्याने निवड केली होती की जे रोज घडते तेच फक्त लिहिले होते?

ते दोन गुण मी अजूनही मनात कधी देते, कधी परत घेते.