पिंजऱ्यावर फक्त कोड

आमच्या लॅबमधला एक नियम सुरुवातीला मला फार लागला होता. टाकीत पोहणाऱ्या उंदराला कोलीन (अंडी, दूध यांत असणारं एक पोषकद्रव्य) मिळालंय की नुसतं सलाईन, हे टेस्ट घेणाऱ्या माणसाला कळू द्यायचंच नाही. डोस देणारा वेगळा, यादी तिसऱ्याकडे कुलपात, माझ्या हातात फक्त पिंजऱ्यावरचा कोड. वाटलं, विश्वास नाही का यांचा आपल्यावर? पण पाणी रंग घालून पांढरं केलेलं असतं, प्लॅटफॉर्म पाण्याखाली लपलेला, उंदराला तो सापडला की मी स्टॉपवॉच थांबवायचं, आणि एखादं उंदीर कडेकडेनेच गोल गोल फिरत राहतं तेव्हा इतका जीव तुटतो की हे कोलीनवालं आहे असं माहीत असतं तर माझं बोट स्टॉपवॉचवर नक्की लवकर पडलं असतं. आता तो नियम मला इथलं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं.

गरोदरपणात दारू पोटात गेली की बाळाच्या मेंदूची वाढ बिघडते. 2000 साली सॅन दिएगोच्या जेनिफर थॉमस यांच्या गटाने दाखवलं की आईच्या पोटात दारूचा मार बसलेल्या उंदराच्या पिल्लांना जन्मानंतर कोलीन दिलं तर त्यांचं शिकणं सुधारतं. जन्मानंतर! म्हणजे नुकसान होऊन गेल्यावरही.

माझ्या आईला हे पटत नाही, फोनवर म्हणते, मुक्या जिवांना कशाला छळता गं? मी म्हणते, अगं आपल्या परळच्या हाफकिनने घोड्यांच्या रक्तापासून सर्पदंशाचं औषध बनवलं, कोकणातल्या आपल्या माणसांनाच उपयोगी पडलं ना ते. ती गप्प बसते, पटलेलं नसतंच.

आणि इथे अमेरिकेत सगळं आलबेल आहे असंही नाही हं. गरोदर बाईला दिवसाला 450 मिलिग्रॅम कोलीन हवं हे अमेरिकेने 1998 मध्येच ठरवलं, तरी इथल्या बऱ्याच प्रेग्नन्सीच्या गोळ्यांत ते नावापुरतंच. उलट मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 2006 पासून सरस प्रोजेक्टने दिवस जायच्या आधीपासून बायकांना रोज पालेभाजी, फळं, दूध घातलेला खाऊ दिला, ते इथे सांगितलं की लोक कान टवकारतात आणि मला भारी वाटतं.

भांडुपच्या वहिनीला पाचवा लागलाय. एका अंड्यात साधारण दीडशे मिलिग्रॅम कोलीन असतं, पण ती अंडं खात नाही, म्हणून सोयाबीन, राजमा, दूध सांगितलंय, बाकी डॉक्टरांना विचार म्हटलं. फॉलिक ॲसिडची गोळी मनाने बंद करू नकोस हेही दोनदा बजावलंय.